आग लागण्याआधीचे पाणी

(एक विद्यार्थिनी, बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आपल्या या अंकाचे दोन विभाग आहेत, एक मराठी आणि दुसरा कन्नड. माझी आई मराठी, वडील कानडी. शिक्षण मात्र सगळे मराठी माध्यमातून झाले. त्यामुळे एखादी गोष्ट मनात आली की दोन्हीकडच्या म्हणी आपोआप आठवतात. उशिरा सुचलेल्या शहाणपणाला मराठीत आपण 'तहान लागल्यावर विहीर खणणे' असे म्हणतो. कन्नडमध्ये त्याच अर्थाने 'मनेगे बेंकी बिद्दाग बावी तोडिदंते' म्हणतात. म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणायला घेतल्यासारखे. लहानपणी मला या दोन्ही म्हणी एकच वाटत. आता तसे वाटत नाही. तहानलेला माणूस विहिरीला पाणी लागेपर्यंत शेजाऱ्याकडून तांब्याभर पाणी मागून घेऊ शकतो. आग तेवढी उसंत देत नाही. हा फरक मला पुस्तकातून नव्हे, तर माझ्या आजोळच्या शेतात कळला, आणि तोच या लेखाचा विषय आहे.

माझे आजोळ मध्य प्रदेशातले हातोद. इंदूर शहराच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवरचे हे तहसिलीचे गाव. होळकरांच्या राज्यात जी मराठी कुटुंबे माळव्यात गेली आणि पुढे तिथलीच झाली, त्यांपैकी आमचे आजोळ एक. मामांची मराठी निम्मी माळवी असते आणि आम्ही भाचरे त्यावरून त्यांना चिडवतो. निपाणीजवळच्या आमच्या गावी ऊस आणि तंबाखू. हातोदला पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात नजर पोहोचेल तिथवर गहू. माळव्याची काळी जमीन इतकी कसदार आणि पाणीदार की तिथे पावलोपावली पाणी आहे, असे जुने लोक अभिमानाने सांगत आले.

मार्च महिन्यात गहू पिकतो आणि पंजाबकडून आलेली हार्वेस्टर यंत्रे शिवारातून फिरू लागतात. यंत्र लोंब्यांसकट वरचा भाग कापून नेते आणि खाली वीत-दीड वीत उंचीची वाळलेली धसकटे उभी राहतात. त्यांना तिकडे 'नरवाई' म्हणतात. ती काढायची तर रोटाव्हेटर फिरवावा लागतो, नाहीतर भुसा करणारे यंत्र भाड्याने आणावे लागते. दोन्हीला पैसे लागतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. काडेपेटी मात्र दोन रुपयांना मिळते. म्हणून नरवाई पेटवली जाते. हे वाईट आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही ते होते.

एप्रिल २०२४ मध्ये मी सुट्टीसाठी हातोदला गेले होते. एका संध्याकाळी मामांनी आमच्या शेतातली नरवाई पेटवली. त्यांनी अगदीच निष्काळजीपणा केला असेही नाही. दोन बाजूंनी ट्रॅक्टरने नांगराचा पट्टा मारून घेतला होता. तिसऱ्या बाजूला रस्ता होता. चौथ्या बाजूला शेजाऱ्यांचा बांध, आणि बांधावर वाळलेले गवत. "वारं पडलंय, आत्ताच उरकून घेऊ," असे मामा म्हणाले. वारा पडला होता हे खरे. पण तो पुन्हा उठणार नाही असे त्याने कोणाला वचन दिले नव्हते. दहा मिनिटांनी पश्चिमेकडून झुळूक आली, बांधावरचे गवत पेटले, आणि पलीकडे शेजाऱ्यांचा चार बिघे गहू उभा होता. त्यांच्याकडे हार्वेस्टर यायचा होता दुसऱ्या दिवशी.

पुढची वीस मिनिटे मी विसरू शकत नाही. मामांनी पहिला फोन केला तो वीज उपकेंद्राला, लाइन बंद करा म्हणून. कारण शेतावरून तारा गेल्या होत्या आणि त्यांच्याखाली जाळ होता. दुसरा फोन बंबासाठी. मी धावत मोटरच्या खोलीकडे गेले आणि स्टार्टरचे हिरवे बटन दाबले. मोटर चालू होईना. पुन्हा दाबले. मग डोक्यात प्रकाश पडला, की वीज आपणच बंद करायला लावली आहे. खोलीजवळ गुरांसाठी बांधलेला हौद होता; त्यात फूटभर पाणी होते. आम्ही बायकांनी पोती भिजवून दिली, गड्यांनी निंबाच्या फांद्यांनी जाळ झोडपला, कोणीतरी ट्रॅक्टर आणून पलीकडच्या टोकाला पट्टा नांगरला आणि त्यामुळे आग तिथे थांबली. गावातला पाण्याचा टँकर त्या दिवशी एका लग्नघरी गेला होता. बंब आला तेव्हा उभे पीक संपले होते. कडेला रचलेली भुशाची गंजी तेवढी धुमसत होती. बंबाचे पाणी तिच्यावरच संपले. मग चालकाने विचारले, "पानी कहाँ से भरें?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. हौद रिकामा झाला होता आणि बोअर विजेवाचून मुका होता.

बंबवाल्यांचा यात काही दोष नव्हता; रस्ता जेवढ्या वेगाने आणू देईल तेवढ्या वेगाने ते आले. शेजाऱ्यांनी तक्रारही केली नाही, आणि तेच आम्हाला अधिक लागले. मामांनी आमच्या गव्हातून वीस क्विंटल त्यांच्या घरी पोचवला. परंतु त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी मामींना एकच प्रश्न विचारला होता : "तुमच्या बोअरला तर पाणी आहे ना?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजत नव्हते, की पाणी असूनही आग का विझली नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा देऊ शकले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करते.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी आपण शिकतो की मालमत्ता असणे आणि हाताशी रोख असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या व्यापाऱ्याची लाखोंची इमारत असेल, पण उद्याची हुंडी भागवायला गल्ल्यात पैसा नसेल तर तो अडचणीत येतो. याला पुस्तकात तरलता म्हणतात. पाण्याच्या बाबतीत हा शब्द लागू पडावा हे गमतीचे आहे, पण तो लागू पडतो. जमिनीखाली चारशे फुटांवर असलेले पाणी ही स्थावर मालमत्ता आहे. ते आगीच्या वेळी रोख होत नाही.

का होत नाही, त्याची तीन कारणे आहेत. पहिले कारण वीज. शेतीच्या वाहिनीवर वीज दिवसाचे ठरावीक तासच असते, हे एक. आणि ती असली तरी आग लागताच ती बंद करावी लागते, हे त्याहून महत्त्वाचे. म्हणजे ज्या क्षणी पाणी हवे, नेमक्या त्याच क्षणी विजेची मोटर निरुपयोगी ठरते. हा अपघात नव्हे. आगीच्या वेळी हे होणारच, असे धरून चालले पाहिजे.

दुसरे कारण निसर्गनियमाचे आहे. वरून ओढणारा कोणताही पंप हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी खेचतो. तो दाब पाण्याला तत्त्वतः सुमारे १० मीटर आणि प्रत्यक्षात ७ मीटरच्या आसपासच वर चढवू शकतो. त्यामुळे बंबाचा पंप तळ्यातून, हौदातून किंवा उथळ विहिरीतून पाणी घेऊ शकतो. बोअरमधून कधीच नाही. माळव्यात पूर्वी शेतोशेती बांधीव विहिरी होत्या. बोअर आले तसे त्यांकडे दुर्लक्ष झाले. मामांच्या शेतातली जुनी विहीर आज केरकचऱ्याने भरली आहे. तिच्यात पाणी असते तर त्या चालकाच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर असते.

तिसरे कारण वेळेचे. मोठ्या बंबाच्या टाकीत साधारण ४,५०० लिटर पाणी मावते. त्याचा पंप पूर्ण जोराने चालवला तर तो मिनिटाला १,८०० लिटर फेकू शकतो, म्हणजे टाकी अडीच मिनिटांत रिकामी होईल. जवान अर्थातच जपून वापरतात, तरी काही मिनिटांपलीकडे ती पुरत नाही. आता मिनिटाला १०० लिटर देणाऱ्या बोअरवर ती पुन्हा भरायची ठरवली, तर ४५ मिनिटे लागतील. आमच्या शेजाऱ्यांचा गहू जळायला वीस मिनिटे पुरली. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण बंब चुकीच्या जागी जातो म्हणून वापरतो. पण बंब अगदी योग्य जागी, योग्य वेळी आला तरी पाण्याचा साठा तिथे नसेल, तर तो येऊन काय करणार?

पाणी जवळ असणे आणि पाणी हाताशी असणे यांतला फरक हातोदइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. गावाजवळच गंभीर नदीवर यशवंत सागर हा विस्तीर्ण जलाशय आहे. होळकरांच्या कारकिर्दीत १९३९ साली इंदूर शहराला पाणी पुरवण्यासाठी तो बांधला. सारस पक्ष्यांसाठी तो प्रसिद्ध आहे आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आम्ही लहानपणी तिथे सहलीला जात असू. परंतु एवढा जलाशय असलेल्या मुलखातही, आग लागलेल्या बांधावर त्याचा एक थेंब वेळेत पोचत नाही. मोठ्या धरणाने शहराची तहान भागते. बांधावरची आग विझवायला बांधावरचाच हौद लागतो.

यावर कोणी म्हणेल, नरवाई जाळणेच बंद करा, म्हणजे प्रश्न मिटला. मला हे मान्य आहे, आणि आमच्याच घरातून आग गेल्यामुळे हे मान्य करण्याचा मला अधिकच अधिकार आहे. सरकारनेही हे केले आहे. मध्य प्रदेश शासनाच्या २०१७ सालच्या अधिसूचनेप्रमाणे नरवाई जाळणाऱ्याला २ एकरांपर्यंत २,५०० रुपये, २ ते ५ एकरांसाठी ५,००० रुपये आणि ५ एकरांच्या वर १५,००० रुपये भरावे लागतात. १ मे २०२५ पासून तर अशा शेतकऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ आणि हमीभावाने गहू विकण्याची सवलत मिळणार नाही, असेही जाहीर झाले. हे योग्यच आहे. पण उद्या एकाही शेतकऱ्याने काडी ओढली नाही, तरी आगी लागतीलच. वाऱ्याने दोन लोंबत्या तारा एकमेकींना घासतात आणि ठिणगी पडते. हार्वेस्टरच्या तापलेल्या भागावर भुसा साचतो. रस्त्याने जाणारा कोणीतरी विडीचे थोटूक फेकतो. कायद्याने आगीचे एक कारण कमी होईल; गव्हाचे वाळणे काही कमी होणार नाही.

दुसरे कोणी म्हणेल, पीकविमा आहे. इथे मी वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट नमूद करते. प्रधानमंत्री फसल बिमा योजनेत नैसर्गिक आग आणि वीज पडणे यांचा समावेश आहे, परंतु जे धोके टाळता येण्याजोगे आहेत ते वगळलेले आहेत. शेजाऱ्याच्या शेतातून आलेली आग नैसर्गिक म्हणता येत नाही. म्हणजे विम्याची पावती कपाटात ठेवून निश्चिंत झोपावे अशी स्थिती नाही. शेतकऱ्याचा या बाबतीतला खरा विमा म्हणजे भरलेला हौद.

आगीशी कायमचा सामना असलेले लोक काय करतात हे पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ या एका दिवसाच्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली. तो देश श्रीमंत आहे, त्याच्याकडे विमाने आहेत, तरीही तिथल्या खेड्यापाड्यांत भर कशावर आहे? घराघरापाशी वेगळ्या ठेवलेल्या पाण्यावर. व्हिक्टोरियात वणव्याच्या पट्ट्यात मोठ्या भूखंडावर नवे घर बांधायचे तर १०,००० लिटर पाणी केवळ आगीसाठी राखून ठेवावे लागते. ते बागेला वापरायचे नाही, गाडी धुवायला वापरायचे नाही. त्या टाकीला अग्निशामक दलाच्या नळीशी जुळणारी जोडणी असावी लागते आणि बंब तिच्याजवळ जाईल असा रस्ता असावा लागतो. पंप डिझेल किंवा पेट्रोलवर चालणारा ठेवा, कारण वीज जाणारच, असे तिथे बजावून सांगतात. टाकी शक्यतो पत्र्याची किंवा सिमेंटची असावी, कारण प्लॅस्टिक उष्णतेने वितळते. यात एकही गोष्ट अशी नाही की जी हातोदच्या किंवा निपाणीच्या शेतकऱ्याला कळणार नाही अगर परवडणार नाही.

परदेशाचे उदाहरण नको असेल, तर हातोदच्या शेजारच्याच जिल्ह्याचे घ्या. देवास शहराला १९९० साली इंदूरहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्याच देवास जिल्ह्यात २००६ साली तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना एक सोपा हिशेब पटवून दिला : आपल्या जमिनीचा दहावा भाग तळ्याला द्या, उरलेले नऊ भाग दुप्पट पिकतील. शेतकऱ्यांनी हजारो तळी खोदली आणि त्यांना 'रेवा सागर' असे नाव मिळाले. ती तळी सिंचनासाठी खोदली गेली, आगीसाठी नव्हे. पण तळ्याचे पाणी जमिनीवर असते, विजेवाचून उपसता येते आणि बंबाला ओढता येते. तळे एकच, त्याने दोन कामे होतात. महाराष्ट्रात २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' आणि कर्नाटकात २०१४ पासून 'कृषी भाग्य' या योजनांतून अशीच शेततळी झाली. उणीव एवढीच, की मार्च-एप्रिलमध्ये त्यांतला शेवटचा थेंबही आपण पिकाला देऊन टाकतो.

इथे पुन्हा मला वर्गातला धडा आठवतो. बँकेला आपल्याकडच्या सगळ्या ठेवी कर्जाऊ देता येत नाहीत. ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावाच लागतो. कंपनी आपला सगळा नफा वाटत नाही; काही भाग राखीव निधीत टाकते. हा पैसा वाया गेला असे कोणी म्हणत नाही. मग गावाच्या पाण्याला राखीव निधी का नसावा? तळ्याच्या किंवा हौदाच्या आतल्या भिंतीवर एक तांबडी रेघ ओढावी. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत त्या रेघेखालच्या पाण्याला आगीशिवाय कोणी हात लावायचा नाही.

पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असताना आगीसाठी पाणी कोण अडवून ठेवणार, हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. परंतु राखीव पाणी रोज खर्च होत नाही. ते एकदा, फेब्रुवारीत, बोअरला बरे पाणी असताना भरायचे आणि उन्हाने आटेल तेवढीच भर घालायची. हौद झाकलेला असेल तर तीही फारशी लागत नाही. पाऊस पडला की तेच पाणी गुरांना, रोपांना वापरून टाकायचे. म्हणजे हे पाणी बुडीत जात नाही, केवळ तीन-चार महिने थांबते.

किती पाणी लागते, याचाही एक अंदाज मांडते. सबंध शेतावर पाणी ओतून आग विझवायची नसते. तिच्या वाटेवरची पट्टी भिजवून तिला अडवायचे असते. १०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद पट्टी, दर चौरस मीटरला २ लिटर या मानाने भिजवायची तर ६०० लिटर पुरतात. म्हणजे ५,००० लिटरांत आठशे मीटरपर्यंतची पट्टी ओली होते. नांगराचा पट्टा आणि त्याला लागून ही ओली पट्टी, एवढ्याने बहुतेक बांध वाचतील. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणीचा पंप तर जवळजवळ प्रत्येक घरी असतो. तो स्वच्छ धुऊन, पाण्याने भरून, बांधावर ठेवला तर सुरुवातीची ठिणगी दोन माणसे विझवू शकतात. मात्र जाळासमोर उभे राहायचे नाही. जळून गेलेल्या बाजूने, कडेकडेने विझवत जायचे. त्या दिवशी आम्ही सगळे समोरून पळत होतो, आणि कोणाला इजा झाली नाही हे केवळ दैव.

आता खर्च. चार बिघे म्हणजे जवळपास एक हेक्टर. त्याचे उत्पादन ४० क्विंटल धरले आणि २०२४ सालचा २,२७५ रुपयांचा हमीभाव लावला, तर शेजाऱ्यांचे ९१,००० रुपयांचे नुकसान झाले, भुसा वेगळाच. सुट्टीहून परतल्यावर मी निपाणीत दुकानांतून चौकशी केली. पाच हजार लिटरची टाकी, लहान डिझेल पंप, शंभर फूट नळी आणि बंबांच्या ६३ मिलिमीटरच्या नळीला बसेल अशी जोडणी, हे सगळे त्या रकमेच्या आत बसते. पाच घरांनी मिळून केले तर प्रत्येकी वीस हजारही पडत नाहीत, आणि ते वर्षानुवर्षे टिकते.

निपाणीच्या मुलीला हातोदच्या गव्हाची एवढी चिंता कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्याकडे काय निराळे आहे? तारांच्या ठिणगीने उसाचे फड जळतात आणि जळीत उसाला कारखाना कपात लावतो. कडब्याच्या गंजीला आपण बणवी म्हणतो, कन्नडमध्ये बणवे. शब्द जसा दोन्ही भाषांत जवळचा, तसे तिचे जळणेही दोन्ही गावांत सारखेच. महाराष्ट्राचा वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो आणि त्याआधी जाळरेषा काढून ठेवतो. जंगलाला जो हंगाम ठरवून दिलेला आहे, तो शेताला आणि गावाला का नसावा?

म्हणून माझी सूचना साधी आहे. दरवर्षी होळीच्या आधी प्रत्येक गावाने चार गोष्टी पाहाव्यात. साठा भरला आहे का? बंब किंवा टँकर त्याच्यापर्यंत जाईल असा रस्ता मोकळा आहे का? विजेवाचून चालणारा पंप चालू करून पाहिला का, आणि त्याची जोडणी बसते का? आणि हे सगळे कोणाच्या ताब्यात आहे, त्याचे नाव व फोन नंबर हौदावर रंगवला आहे का? यातली चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित. किल्ली कोणाकडे आहे हे ठाऊक नसेल तर भरलेला हौदही कोरडाच.

यात आपल्या महाविद्यालयाला काही करता येईल का? मला वाटते, येईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर हिवाळ्यात एखाद्या गावी भरते. तिथे आपण रस्ते झाडतो, भिंतींवर घोषणा लिहितो. त्याऐवजी, किंवा त्याबरोबर, एका गावातले सगळे हौद, विहिरी आणि शेततळी मोजून त्यांचा एक नकाशा करावा, बंब कुठवर जातो हे त्यावर दाखवावे आणि तो ग्रामपंचायतीत व जवळच्या अग्निशामक केंद्रात लावावा. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर येत्या शिबिरातच हे होऊ शकेल. हिशेब ठेवायला वाणिज्य शाखेची मुले आहेतच.

हातोदचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. मामांनी त्या वर्षीनंतर नरवाई पेटवली नाही. शेजाऱ्यांशी मिळून त्यांनी बांधावर सिमेंटचा झाकलेला हौद बांधला आणि डिझेल पंप घेतला, निम्मा निम्मा खर्च वाटून. आतल्या भिंतीवर तांबडी रेघ आहे. २०२५ च्या होळीच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकूंनी स्वतः येऊन, झाकण उचलून, काठी बुडवून पाणी मोजले, असे मामींनी फोनवर सांगितले. "भरला आहे," एवढेच त्या म्हणाल्या आणि गेल्या.

वाचकहो, शिमग्याच्या सुट्टीत आपण सगळे आपापल्या गावी जाऊ. गेल्यावर आपल्या हौदातही एकदा काठी बुडवून पाहावी, एवढीच विनंती.